पीयूसीनंतर सॉफ्टवेअर: कंपनीचे पत्र की कॉलेजची जागा

गेल्या जूनमध्ये खानापूरहून माझी धाकटी बहीण आणि भावोजी भाच्याला घेऊन बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन कागद होते. पहिला सीईटीच्या निकालाचा, ज्यावर बेळगावातल्या एखाद्या बऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शाखा नाही तरी माहिती विज्ञान शाखा मिळण्याची आशा होती. दुसरा बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पत्राचा. पीयूसीनंतर, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीनंतर, थेट शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू व्हा, पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन घ्या आणि काम करता करता तीन वर्षांत पदवीही मिळवा, असे त्या पत्राचे सार होते. भावोजींची पिठाची गिरणी आहे आणि हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. "चार वर्षं फी भरून शिकायचं, की पगार घेऊन तीन वर्षांत तीच पदवी घ्यायची, यात विचार करण्यासारखं काय आहे?" असे त्यांनी चहा येण्याआधीच विचारले.

मी अडलो तो "तीच पदवी" या दोन शब्दांपाशी. त्या संध्याकाळी आणि पुढच्या तीन आठवड्यांत आमच्यात जे बोलणे झाले ते येथे लिहून ठेवतो आहे, कारण बारावीच्या निकालानंतर हाच प्रश्न घेऊन येणारे आईवडील आमच्या भागात आता दरवर्षी वाढत आहेत.

माझा स्वतःचा मार्ग वाकडाच होता. संगणक विषयात डिप्लोमा झाल्यावर २००१ साली मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या हायड्रॉलिक पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचे ते एक वर्ष होते. विद्यावेतन बसभाडे आणि हातखर्चापुरते, आणि शेवटी चेन्नईच्या प्रशिक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. कारखान्याच्या स्टोअरमध्ये फॉक्सप्रो या डेटाबेस साधनात लिहिलेला साठ्याचा प्रोग्राम होता आणि तो सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेल्यामुळे तो माझ्या गळ्यात पडला. एके दिवशी दुपारी वीज गेली, परत आली, आणि संध्याकाळी प्रोग्राम सांगू लागला की सकाळी उतरवलेल्या पंपाच्या ओतीव बॉडी साठ्यातच नाहीत. स्टोअरकीपर मला हाताला धरून रॅकपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "मोज." मी मोजल्या. सगळ्या जागेवर होत्या. मग आढळले असे की नोंदींची मूळ फाईल उघडून एकेक ओळ खाली वाचत गेले तर त्या नोंदी दिसत होत्या, पण भाग क्रमांक देऊन शोधले तर सापडत नव्हत्या. आधीच्या माणसाने टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते: "लाईट गेली की रीइंडेक्स करणे." मी ती आज्ञा दिली, नोंदी परत आल्या, आणि वर्षभर मी वीज गेली की देवाला हात जोडल्यासारखे ते करत राहिलो. का, ते मला ठाऊक नव्हते.

पुढे २००३ मध्ये डिप्लोमाच्या आधारावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतला. आमच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी फाईल स्ट्रक्चर्स नावाचा विषय होता. सरांनी फळ्यावर बी-ट्री, म्हणजे नोंदी शोधण्याच्या सूचीची झाडासारखी रचना, काढली, एका पानात जागा संपली की पान दुभंगून वरच्या पानात किल्ली कशी चढते ते दाखवले, आणि माझ्या डोळ्यांसमोर उद्यमबागेतला तो रॅक उभा राहिला. मूळ नोंद एका फाईलीत लिहिली गेली होती, तिचा पत्ता सांगणारी सूची दुसऱ्या फाईलीत होती, आणि वीज नेमकी या दोन लेखनांच्या मध्ये गेली होती. रीइंडेक्स म्हणजे ती सूची नव्याने बांधणे. वर्गातल्या साठ मुलांपैकी बहुतेकांनी ती आकृती आठ गुणांसाठी वहीत उतरवून घेतली. मला मात्र तीनेक वर्षे सोबत वागवलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या तासाला मिळाले.

हे सांगण्याचे कारण असे की पदवीसह अप्रेंटिसशिप या कल्पनेत जे काही मोलाचे आहे, ते सगळे या एका प्रसंगात आहे. कामावर प्रश्न पडावा आणि वर्गात त्याचे उत्तर मिळावे, आणि या दोहोंमधले अंतर तीन वर्षांचे नसून दोन आठवड्यांचे असावे, यासाठीच ती योजना जन्माला आली. ज्या देशांत ती नीट चालते तेथे हे अंतर कमी ठेवण्याची व्यवस्था केलेली असते. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्यात १९७४ पासून चालत आलेल्या पद्धतीत विद्यार्थी साधारण तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत असे आलटून पालटून शिकतो, आणि कंपनीशी त्याचा करार पहिल्या दिवसापासून असतो. इंग्लंडमध्ये पदवी अप्रेंटिसशिप २०१५ पासून आहे. तेथे मुलगा कंपनीचा रीतसर कर्मचारी असतो, विद्यापीठाची फी त्याला एक पैसाही पडत नाही, आणि २०१७ पासून वर्षाला तीस लाख पौंडांपेक्षा अधिक वेतनखर्च असलेल्या मालकांकडून वरच्या रकमेवर अर्धा टक्का वसूल करून हा पैसा उभा केला जातो. कामाच्या तासांतला ठरावीक वाटा शिक्षणासाठी मोकळा ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. सुरुवातीच्या वर्षांत तो एक पंचमांश होता. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असताना आमच्या चमूत मँचेस्टरहून काम करणारा असा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. दर गुरुवारी तो सकाळच्या कॉलवर नसे, आणि त्याच्या व्यवस्थापकाला त्यात काही वावगे वाटत नसे, कारण तो त्याचा विद्यापीठाचा दिवस होता.

आता आपल्याकडे पाहू. १९६१ च्या कायद्यात २०१४ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक केले. पदवीधर आणि पदवी घेत असलेल्या उमेदवारांचे किमान विद्यावेतन त्याच नियमांनी महिना ९,००० रुपये ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे कागदावर चौकट आहे. पण कायद्याने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि करारात तशी अट नसेल तर प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरीवर घेण्याचे बंधन मालकावर नाही, ही गोष्ट भावोजींसारख्या माणसाला कोणी सांगत नाही. पत्रावर "अप्रेंटिस" हा शब्द छापलेला असला म्हणून तो करार या कायद्याखालचा असतोच असेही नाही. सरकारी पोर्टलवर नोंदलेला करार आणि त्याचा क्रमांक असेल तरच तो त्या कायद्याखालचा. नाहीतर ती कमी पगाराची साधी नोकरीच समजावी, मग तिला नाव काहीही असो.

याखेरीज मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या वाटा आहेत. एचसीएलची टेकबी योजना २०१७ पासून आहे. बारावीनंतर सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण, मग नोकरी, आणि नोकरी करत ठरावीक विद्यापीठांतून पदवी. विप्रो बीसीए आणि बीएस्सी झालेल्या मुलांना घेऊन कामासोबत एम.टेक. करवते. झोहोच्या शाळेत तर फी नाही, उलट विद्यावेतन मिळते, पण पदवीही नाही, आणि ते तसे उघड सांगतात. मला हा सरळपणा आवडतो. भाच्याच्या हातातले पत्र यांपैकी कोणाचेही नव्हते. एका मध्यम आकाराच्या कंपनीचे होते, आणि ते मी दोनदा वाचले.

पत्र चार पानांचे होते. विद्यावेतनाचा आकडा पहिल्या पानावर ठळक होता. बॉण्ड तिसऱ्या पानावर होता: चार वर्षांच्या आत सोडल्यास दीड लाख रुपये भरावे लागतील आणि तोपर्यंत दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कंपनीकडे राहतील. पदवीविषयी चौथ्या पानावर एकच वाक्य होते, की सहा महिन्यांच्या समाधानकारक कामानंतर कंपनी "मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या" पदवी अभ्यासक्रमासाठी उमेदवाराचे नाव सुचवू शकेल. विद्यापीठाचे नाव नव्हते, अभ्यासक्रमाचे नव्हते, आणि क्रियापद "सुचवेल" असे नसून "सुचवू शकेल" असे होते. भावोजींना मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे दळण आधी द्यायचं आणि पीठ मिळेल का ते नंतर बघायचं." मला त्यावर काही जोडायचे नव्हते.

दूरस्थ किंवा ऑनलाईन पदवी कमी प्रतीची असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोची मान्यता असलेल्या विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पण इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीने देण्यास आपल्याकडे परवानगी नाही, त्यामुळे अशा योजनांतून हाती पडते ती बहुधा बीसीए किंवा बीएस्सी. सॉफ्टवेअरच्या कामासाठी तेवढे पुरते. मात्र तीच पदवी नव्हे, हे घरात स्पष्ट असले पाहिजे. पुढे एम.टेक., परदेशी व्हिसा किंवा सरकारी भरती या टप्प्यांवर तीन वर्षांची की चार वर्षांची, हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि तेव्हा तो नव्याने सोडवणे महाग पडते.

खरी उणीव मला दुसऱ्या जागी दिसते. भाच्याने कंपनीत आधीच लागलेल्या एका मुलाला फोन केला. तो रात्रपाळीत एका परदेशी ग्राहकाची तिकिटे, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, बंद करतो आणि शनिवारी दुपारी ऑनलाईन वर्गाला बसतो, जेथे त्याला सी भाषेतले पॉइंटर शिकवले जातात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. कामावर त्याला प्रश्न पडतच नाहीत, कारण तिकीट बंद कसे करायचे याचे पाठ लिहून दिलेले आहेत, आणि वर्गातली उत्तरे कशाची आहेत हे त्याला कळत नाही. उद्यमबागेतली माझी ती चिठ्ठी त्याच्या वाट्याला रोज येते, फळा मात्र येत नाही. शिवाय शिकाऊ मुलांना पहिल्या वर्षी द्यायची जी किरकोळ कामे होती, म्हणजे चाचण्या लिहिणे, लहानसा दोष दुरुस्त करणे, अहवालाचे साचे भरणे, तीच कामे आता एआयची साधने करू लागली आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षी नेमके काय काम देणार, हा प्रश्न विद्यावेतनाच्या आकड्याहून मोठा झाला आहे.

कॉलेजची बाजू घेताना मला फार उत्साह वाटतो असेही नाही. जर्नल उतरवून काढण्यात मुलांच्या किती संध्याकाळी जातात ते मी पाहिले आहे. चार वर्षांत दुसऱ्याने लिहिलेला, चालू असलेला, कोणीतरी खरोखर वापरत असलेला प्रोग्राम एकदाही न उघडलेली मुले मुलाखतीला येतात, आणि मोठ्या सेवा कंपन्या त्यांना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास जो पगार देतात, तो गेल्या कित्येक वर्षांत फारसा हललेला नाही. पण ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस हे विषय कोणाच्याही घाईशिवाय शिकण्याची सवड एकदाच मिळते. रात्रपाळी करून कोणी ते शिकत नाही असे नाही, पण ते अपवाद आहेत, आणि आपला मुलगा अपवाद निघेल असे धरून आईबापांनी निर्णय घेऊ नये.

सीमाभागातल्या मुलाला या निवडीत एक जास्तीचा पदर असतो, आणि त्याविषयी पुण्या-मुंबईचे सल्लागार काही सांगू शकत नाहीत. कॉलेजच्या बाजूला आपल्याला दोन दरवाजे आहेत. कर्नाटकाच्या सीईटीचा एक, ज्यात पीयूसीचे आणि प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे-निम्मे धरतात आणि खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांसाठी वेगळा वाटा असतो. दुसरा महाराष्ट्राच्या सीईटीचा. त्या राज्याने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे तेथे राहणाऱ्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत 'ई' नावाचा वेगळा प्रकार आहे, मात्र परीक्षा महाराष्ट्राचीच द्यावी लागते. कर्नाटकही जत-अक्कलकोटकडच्या कानडी भाषकांसाठी अशीच सोय ठेवते. सरहद्दीचा वाद कोर्टात आणि रस्त्यावर कितीही चालो, प्रवेशाच्या फॉर्मवर दोन्ही राज्ये आपापल्या माणसांना ओळखतात. आमच्या भाच्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा फॉर्म भरायचा राहून गेला, कारण मुदत आहे हे त्याच्या घरी कोणालाच माहीत नव्हते, आणि मामा सॉफ्टवेअरमध्ये असूनही त्याने ते वेळेवर सांगितले नाही. ती चूक माझी.

कंपनीच्या बाजूला मात्र असा कोणताही दरवाजा नाही. तेथे ना गाव विचारतात ना मातृभाषा. तेथे फोनवरून वीस मिनिटे इंग्रजीत बोलायला लावतात. खानापूर तालुक्यातला मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत कानडी विषय म्हणून शिकतो, हिंदी टीव्हीवरून उचलतो आणि इंग्रजी कागदावर लिहितो. चार भाषा येतात, पण जी मोजली जाते ती तोंडात बसलेली नसते. भाचा त्या फोनमधून पार पडला याचे मला मनापासून कौतुक आहे, आणि पत्र बाजूला ठेवायला सांगताना हे कौतुक मी त्याला आधी बोलून दाखवले.

मग हिशेब. भावोजींनी गिरणीच्या वहीचे मागचे पान फाडले. विद्यावेतन महिना दहा हजार. बेंगळुरूत दोन वेळच्या जेवणासह पी.जी.त एक खाट घ्यायची तर आठ-नऊ हजार, शिवाय कार्यालयापर्यंतचा प्रवास आणि सणावाराला गावी येण्याचे रेल्वेभाडे. पहिली दोन वर्षे घरून पैसे पाठवावे लागले नाहीत तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या रकान्यात कॉलेजची फी, वर्षाला साधारण लाखाच्या घरात, आणि राहण्याचा खर्च शून्य, कारण खानापूर ते बेळगाव सव्वीस किलोमीटर आणि विद्यार्थ्याचा बसपास. "पगार विरुद्ध फी" असे जे चित्र दोन तासांपूर्वी होते ते "काहीच शिल्लक नाही विरुद्ध फी" असे झाले. फरक अजूनही फीचाच राहिला, आणि तो चार लाखांचा फरक पिठाच्या गिरणीवर लहान नव्हे. मी तो लहान आहे असे म्हटलेही नाही.

म्हणूनच बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका मुलीविषयी लिहिले पाहिजे. ती भाच्याच्याच वर्गातली. वडील गेल्या वर्षी गेले, धाकटा भाऊ आठवीत आहे. तिला दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच योजनेत जागा मिळाली होती. तिच्या पत्रात विद्यापीठाचे नाव होते, पहिले सत्र कधी सुरू होणार ती तारीख होती, बॉण्ड होता पण रक्कम वर्षागणिक घटत जाणारी होती, आणि गुणपत्रिकांच्या झेरॉक्स मागितल्या होत्या, मूळ प्रती नव्हत्या. तिची आई आमच्याकडे आली तेव्हा मी तिला जा म्हणून सांगितले, आणि ती ऑगस्टमध्ये गेली. भाच्याला एक आणि तिला दुसरे, असा सल्ला कसा, असे बहिणीने मला विचारलेही. दोन घरे वेगळी होती हे खरे, पण त्याहून अधिक म्हणजे दोन पत्रे वेगळी होती. तिचे पत्र भाच्याला आले असते तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

सीईटीची ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम भरण्याची मुदत, संपायला सहा दिवस असताना भाच्याने कंपनीला ईमेल लिहिले. मी मसुदा तपासला, लिहिले त्यानेच. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि तिला ब्युरोची मान्यता आहे का, करार सरकारी पोर्टलवर नोंदला जाणार का, अभ्यासाचे तास कामाच्या वेळेत धरले जातील की पाळी संपल्यावर, आणि मध्येच सोडावे लागले तर मिळवलेले श्रेयांक माझ्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा असतील का, असे चार प्रश्न होते. शेवटचा प्रश्न त्याचा स्वतःचा होता. २०२१ पासून आलेल्या या श्रेयांक खात्याविषयी त्याने कोठेतरी वाचले होते, मला तो सुचला नव्हता.

मुदतीच्या आदल्या दिवसापर्यंत उत्तर आले नाही. त्याने माहिती विज्ञान शाखा वरती टाकली, जागा मिळाली, भावोजींनी पहिल्या वर्षाची फी सोसायटीतून कर्ज काढून भरली. पहिले सत्र सुरू होण्याआधी मी त्याला उद्यमबागेत घेऊन गेलो. माझा तो जुना कारखाना आता दुसऱ्या मालकाकडे आहे, फॉक्सप्रो केव्हाच गेले, सगळ्या कारखान्याचा हिशेब ठेवणारे ईआरपी सॉफ्टवेअर आले, पण स्टोअर तेथेच आहे आणि साठा अजूनही जुळत नाही. शनिवारी दुपारी येऊन बसायला त्यांची हरकत नाही, पैसे मात्र मिळणार नाहीत, असे ते म्हणाले. भाच्याने लगेच विचारले की माल उतरवल्याची नोंद कोण करतो आणि केव्हा. स्टोअरकीपर, हाही नवा, त्याला रॅककडे घेऊन गेला.

कंपनीचे उत्तर सप्टेंबरात आले. सर्व तपशील रुजू झाल्यावर कळवले जातील, असे त्यात लिहिले होते.